त्या दिवशी धुकं नव्हतं

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं डोंगर चढलो त्यांना तर नाहीच नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे. माईक हातात घेऊन, भरल्या सभागृहात सांगितली आहे. पण ती खोटी होती. खरी आज पहिल्यांदा सांगतोय, आणि तीही सरळ सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी मुळात सरळ माणूस नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

मी सोलापूरचा. नोकरी बँकेत — मधल्या टेबलावरची, जिथे लोक तुम्हाला 'अहो' अशी हाक मारतात आणि पेन मागतात. पण पावसाळ्या-हिवाळ्यातले माझे रविवार वेगळे असतात. त्या दिवशी मी 'सर' असतो. इथल्या लोकांचे गट घेऊन मी सह्याद्रीतल्या गडांवर जातो. कुणाला कुठल्या महिन्यात कुठे न्यायचं हे मी ठरवतो, आणि त्या ठरवण्याबद्दल आमच्याकडे माझं नाव आहे. पावसात रुंद वाटेचे, कधीही माघारी उतरता येईल असे डोंगर. थंडीत, कातळ कोरडा पडला की मग कड्यांचे गड. ऑक्टोबरात कोकणाच्या बाजूला कुणालाच न्यायचं नाही. यावर आमचे लोक हमखास हसतात. 'सर, आपण सोलापूरचे. आपल्याला ऊन काय सांगता?' अहो, आपलं ऊन कोरडं. घाम आला की तिथल्या तिथे वाळतो. तिकडच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता वाहत राहतो, आणि मे महिन्यात इथे बोडक्या डोक्यानं फिरणारा सोलापुरी गडी तिथे दुपारपर्यंत करवंदीच्या जाळीला टेकून आडवा होतो. हे मी पाहिलं आहे. पाहताना मजा वाटली होती — तेही सांगून टाकतो.

कारण मला या माणसांची कणव कधी आलीच नाही. तुच्छताच वाटली. नवेकोरे बूट घालून येणारे, पहिल्या चढाला फोड आले की माझ्याकडे अशा नजरेनं बघणारे, जणू डोंगर मी बांधलाय. एकसारखी जाकिटं घालून आलेली नवी जोडपी, उतरताना एकमेकांशी न बोलणारी. पोहे कधी मिळणार हे पायथ्याशीच विचारणारे काका. मी सगळ्यांशी गोड बोलायचो आणि मनातल्या मनात प्रत्येकाला कुठल्यातरी दगडावर बसवून पुढे निघून जायचो. तुम्हाला वाटेल, मग कशाला नेत होतास? — त्या 'सर'साठी. दुसरं काय?

आमचं गाव सपाट. चढ आणायचा कुठून? म्हणून मी एक पद्धत पाडली होती. बाजारातली एक चार मजली इमारत रविवारी बंद असते, तिची लिफ्ट तर कायमचीच बंद. त्या जिन्यावर चाचणी. प्रत्येकानं पाठीवरच्या पिशवीत घरची ज्वारी भरून आणायची आणि मी 'पुरे' म्हणेपर्यंत वर-खाली करायचं. मी खाली खुर्ची टाकून बसायचो. कुणाचे गुडघे बोलतात, कुणाचा श्वास कुठल्या मजल्यावर फुटतो, ते ऐकायचो. आमच्याच शाखेचे मॅनेजर एकदा पिशवीत उशी भरून आले होते. फुगलेली पिशवी घेऊन साहेब तरातरा चढले, तेव्हाच मला कळलं. पण मी त्यांना पास केलं. साहेब होते ना. बँकेत मला 'अहो' म्हणणाऱ्या माणसानं डोंगरात 'सर' म्हणावं, यासाठी मी उशीच काय, गादीही चालवून घेतली असती.

चाचणीनंतर मी एक प्रश्न विचारायचो — उंचीची भीती आहे का? सगळे 'नाही' म्हणायचे. मग मी मान हलवायचो. हा प्रश्न मला मात्र कुणी कधी विचारला नाही. आणि मीही स्वतःला विचारला नाही. का विचारीन?

आणखी एक नियम होता, गमतीचा. ज्याच्यामुळे गट शिखर न गाठता मागे फिरेल, त्यानं पुढच्या रविवारी सगळ्या गटाला घरी जेवू घालायचं. गमतीच्या नियमांची लोकांना जास्त धास्ती असते. तो नियम लक्षात ठेवा. माझ्या लक्षात तो रोज असतो.

आता रेणुकाबाईंकडे येतो. यायला वेळ लावतोय, कळतंय मला.

शुक्रवार पेठेत त्यांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. मूळच्या करमाळ्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. अंगानं चांगल्या भरलेल्या, पन्नाशीच्या आसपास, आणि तोंडानं तिखट. वयानं माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या, पण मी पहिल्या दिवसापासून त्यांना 'काकू' म्हणालो. ते आदरानं नव्हतं. बाई कुठल्या रांगेत बसते हे तिला कळावं, म्हणून होतं.

त्यांना तो एक गड चढायचा होता. गडाचं नाव देत नाही, गडाचा काही दोष नाही. त्यांच्या लेकीच्या शाळेची सहल तिथे गेली होती आणि लेकीनं वरून खालची गावं कशी दिसतात याचं वर्णन केलं होतं. बाईंनी जन्मभर शिलाई मशीनच्या सुईकडे बघितलेलं. लांबचं काहीतरी बघायचंय, असं त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणालो, पावसात हा गड होत नाही काकू, थंडीत बघू. मला वाटलं, थंडीपर्यंत विसरतील. विसरतात लोक.

त्या विसरल्या नाहीत. ज्वारीची पिशवी पाठीला लावून त्या पावसाळाभर स्वतःच्या दुकानाच्या इमारतीचा जिना चढत राहिल्या. येणारे-जाणारे हसायचे. 'गिरणीला निघालाय का दळण घेऊन?' असं कुणी विचारलं, की 'व्हय, तुजं बी दे की, आणते दळून,' असं म्हणून त्या पुढचा मजला गाठायच्या. दिवाळीनंतर चाचणी झाली. शेवटच्या फेरीला माझे मॅनेजर साहेब कठड्याला धरून उभे होते आणि रेणुकाबाई त्यांना वळसा घालून वर गेल्या. त्यांना नापास करायला मला काही सापडलं नाही. नाइलाजानं घेतलं.

आता गडाबद्दल. कठीण नाही तो. वरच्या टप्प्यात कड्याच्या पोटातून कोरलेली एक आडवी वाट आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. पण रुंद आहे, दोर लागत नाही, शाळेच्या सहली तिथून गाणी म्हणत जातात. मी तिथून कितीतरी वेळा गेलोय, असं सगळ्यांना सांगायचो. गेलो होतो फक्त एकदा, कॉलेजात असताना, ऐन पावसात. दाट धुकं होतं. वाटेच्या पलीकडे नुसता पांढरा पडदा. मी शीळ वाजवत गेलो होतो. नंतर थंडीत नेलेल्या कड्यांच्या गडांवर पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कातळ असायचा, अशी उघडी वाट पुन्हा लागलीच नाही. त्या एका शिळेवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

आणि मीच ठरवलं होतं ना — थंडीत जायचं? कोरडा कातळ, गार वारा, स्वच्छ हवा. ऋतू अगदी बिनचूक निवडला होता मी.

सकाळी चढायला लागलो तेव्हा सगळं माझ्या हातात होतं. मी पुढे, माझ्यामागे रेणुकाबाई — सगळ्यात कच्चा माणूस म्होरक्याच्या मागे, हा माझाच नियम — मग मॅनेजर, मग बाकीचे. बाई माझ्यामागे काहीबाही बोलत होत्या, दम न लागता. याचाही मला राग येत होता.

आडवी वाट आली. मी पाच-सहा पावलं आत गेलो असेन. आणि डावीकडे नजर गेली.

धुकं नव्हतं.

सगळं दिसत होतं. खाली, फार खाली, चौकोनी शेतं, धरणाचं पाणी, पांढऱ्या रस्त्यावरून जाणारी एक एसटी — ज्वारीच्या दाण्याएवढी. आणि मधे काहीच नाही. माझी पाठ आपोआप कातळाला जाऊन चिकटली. तळहात ओले. दगड बाहेरच्या बाजूला झुकतोय, मला ढकलतोय, असं वाटायला लागलं. जी माणसं पायथ्याशी पोहे विचारतात, ती मागे, कातळाच्या वळणाआड, निवांत उभी होती, आणि मी, त्यांचा सर, पाचावर धारण बसलेल्या अवस्थेत कड्याला चिकटलो होतो.

तेव्हा काय करता आलं असतं? 'मला जमत नाहीये' — तीन शब्द. तेवढंच म्हणायचं होतं. कुणी मला खाली फेकून दिलं असतं का? दोन दिवस हसले असते, साहेब बँकेत चारचौघांत बोलले असते. बस. एवढंच पणाला लागलं होतं माझं.

मी मागे वळलो, कातळाला धरत धरत मोकळ्या जागी आलो, आणि मोठ्यानं म्हणालो, "काकूंना त्रास होतोय. इथूनच फिरायचं."

रेणुकाबाईंनी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी काकू आहे की काय म्हणून.

"मला? मला काय धाड भरलीय? बरी हाय की मी."

लोक हसले. आणि त्या हसण्यात माझं मरण आहे, असं मला वाटलं. मी आवाज खाली आणला. माझा तो खास आवाज आहे, धीराचा, डॉक्टरसारखा. "काकू, चेहरा बघा तुमचा. पांढरा पडलाय. ओठ सुकलेत. तुम्हाला कळत नाहीये, पण मला दिसतंय ना."

ओठ सुकलेले होतेच. सगळ्यांचेच सुकलेले होते, सकाळपासून चढत होतो. पण आता सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. आणि एवढी माणसं एका तोंडाकडे बघायला लागली, की त्या तोंडावर काहीही दिसतं. मॅनेजर म्हणाले, हो, जरा उतरल्यासारखा वाटतोय चेहरा. कुणी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी साखर-मिठाची पुडी फोडली. एका मुलीनं तर त्यांचा दंड धरला.

रेणुकाबाईंचा हात हळूच स्वतःच्या गालाकडे गेला. "व्हय?" त्या म्हणाल्या. "खरंच व्हय?"

मी हो म्हणालो.

पण बाई हुशार. थोडा विचार करून म्हणाल्या, "मग मी हितंच बसते की. तुमी जाऊन या समदी. माझ्यापायी कशाला थांबताय?"

बघा — दार उघडलं होतं त्यांनी माझ्यासाठी. पण त्या दारातून पुढे जायचं, तर त्याच वाटेनं जावं लागणार होतं. मी म्हणालो, "आपला गट फुटत नाही, काकू. आपण कुणालाही मागे टाकून शिखर गाठत नाही." आणि मॅनेजर साहेब — उशीवाले — सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात लीडर." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. हे असं सगळं करता येतं मला. त्यासाठी चाचणी लागत नाही.

खाली आमचा गाडीवाला, सलीमभाई, बोनेटवर डबा उघडून बसला होता. "इत्ते जल्दी आगये? क्या हुआ सर?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत रेणुकाबाई म्हणाल्या, "माझ्यामुळं, सलीमभाई. मला सोसंना झालं वर."

कड्याजवळ ठणठणीत असलेली बाई पायथ्याला येईपर्यंत आजारी झाली होती. एवढ्या उतारात. मी केलं ते.

पुढच्या रविवारी त्यांनी नियम पाळला. मी नको म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे मांडीला मांडी लावून बसलो. ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही, आणि शेवटी गोड शेंगापोळी. वाढताना त्या प्रत्येकाजवळ थांबून तेच म्हणत होत्या. माझ्याजवळ आल्या तेव्हा वाढायचा हात थांबला. "सर, समद्यांचं राहिलं माझ्यापायी. मनात ठेवू नका." मी म्हणालो, "असं होतं काकू. मन म्हणतं चल, शरीर ऐकत नाही." आणि ताट पुढे करून आणखी एक शेंगापोळी घेतली. चव अजून आठवते. चांगली होती. घशाखाली उतरली, काही अडकलं-बिडकलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, कबुली संपली. नाही.

दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी मी नव्या लोकांना एक व्याख्यान देतो. ऋतू आणि शरीर. कुणी कुठल्या महिन्यात कुठला डोंगर निवडावा. त्यात एक गोष्ट सांगतो — 'आमच्याकडे एक काकू होत्या.' पहिल्या वर्षी काकूंना नुसती चक्कर आली होती. दुसऱ्या वर्षी त्या खाली बसल्या. पुढे तर मी त्यांना कड्याच्या काठावर हाताला धरून सावरू लागलो. लोक खुर्चीत पुढे सरकायचे. शेवटी मी म्हणायचो, 'स्वतःच्या शरीराशी प्रामाणिक राहा.' हे वाक्य मी म्हणायचो. मी.

सोलापूर काही मोठं गाव नाही. गोष्ट शुक्रवार पेठेत पोचायला किती वेळ लागणार? त्या काठावर पडता पडता वाचल्या, सरांनी वाचवलं, असं लोक त्यांना सांगायला लागले, आणि त्या ऐकायला लागल्या. एकदा बँकेत आल्या तेव्हा घाबऱ्या चेहऱ्यानं माझ्या टेबलाशी वाकून म्हणाल्या, की डॉक्टरनं सगळं तपासलं, काहीच सापडत न्हाय, म्हंजे लई आत काहीतरी असंल. मी त्यांना काळजी घ्यायला सांगितलं. ज्वारीची ती पिशवी आता दुकानात कोपऱ्यात असते, कापडाच्या चिंध्यांनी भरलेली. वरच्या मजल्यांवर राहणारी गिऱ्हाइकं हल्ली त्यांना मापं घ्यायला खाली बोलावून घ्यावी लागतात. आणि तो गड मी माझ्या यादीतून काढून टाकला आहे. कुणी विचारलं तर सांगतो — सुरक्षितता.

आता या वर्षीचं सांगतो. हे सांगण्यासाठीच बसलो होतो, बाकी सगळी टाळाटाळ होती.

गेल्या महिन्यात चाचणीला एक मुलगी आली. बावीस-तेवीसची, सडपातळ, लांब ढांगा टाकणारी. प्रणिता. रेणुकाबाईंची लेक — तीच, शाळेच्या सहलीत त्या वाटेनं गाणी म्हणत गेलेली. आई बरोबर आली होती, जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकून बसली. पोरगी वजन घेऊन अशी चढली, की माझी खुर्ची मलाच टोचायला लागली. खाली आल्यावर तिनं विचारलं, थंडीत तो गड परत का नाही लावत सर? मला आईला घेऊन जायचंय. हळूहळू नेईन.

मी काही बोलायच्या आत रेणुकाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, उठायला वेळ लावून. आणि लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाल्या, "सर, तिला कड्याबिड्यावर नेऊ नका. लहानपणी गेली ती, तवा काय कळत न्हवतं तिला. आमच्या रक्तातच हाय ते. मला झालं, उद्या तिला व्हईल. तुमी तर बघितलंय की समोर."

मी बघितलं होतं. मी एकट्यानंच बघितलं होतं.

तिथे जिन्यापाशी कुणी नव्हतं. साहेब नव्हते, टाळ्या नव्हत्या. पोरगीही तोवर नळावर पाणी प्यायला गेली होती. त्या बाईनं पुन्हा एकदा दार उघडून धरलं होतं, आणि या वेळी तर पलीकडे कडाही नव्हता. एक वाक्य. मी त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि म्हणालो, "बरोबर आहे तुमचं, काकू. काळजी घेतलेली बरी."

प्रणिताला मी सपाट वाटेच्या गटात टाकलं आहे. तळ्याकाठची एक सोपी फेरी, म्हाताऱ्यांबरोबर. तिनं का म्हणून विचारलं, तेव्हा मी तोच धीराचा आवाज काढला. ती त्या वाटेवरून पलीकडे गेली असती आणि आईलाही हाताला धरून घेऊन गेली असती, म्हणून मी तिला टाकलं. दुसरं कारण नाही. त्या दोघी कड्याच्या पलीकडे उभ्या राहून खालची गावं बघतायत, आणि मी अलीकडे — हे मला सहन होणार नव्हतं.

माझ्या गटाचा नियम अजून तोच आहे. ज्याच्यामुळे गट मागे फिरला, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मी अजून कुणालाही जेवायला बोलावलेलं नाही.